अर्धा इंची जाळी

लाव्हा पक्षी म्हणजे मूठभर जीव. वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, अंडं जेमतेम दहा ग्रॅमचं. अशा सहा जपानी लाव्ह्यांना घर बांधताना माझे पंधरा दिवस, एक करवत आणि शेजारच्या तात्यांबद्दलचा आदर खर्ची पडला.

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत, टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात, हे सहाजण महिनाभर सुखात होते. सुखात नव्हती ती आई. लाव्हे राखेत लोळतात, तीच त्यांची आंघोळ, आणि प्रत्येक आंघोळीला पाव पडवी राखेने भरते. त्यात मे महिना. अंगणात आमसुलं, आंबापोळीची ताटं, फणसाचे पापड आणि काठी घेऊन बसलेली आई.

"मी कावळे हाकू की तुझी राख झाडू? परसात पिंजरा कर आणि ने एकदाचे."

केला. तीन फूट उंच, लाकडी, चिकन जाळीचा. पहिले पाहुणे अर्थातच तात्या. "लाव्हे धरलेस होय रे? फॉरेस्टवाले आले तर मी तुला ओळखत नाही हो." रानातले धरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे जपानी, विकत आणलेले, असं मी समजावलं. "जपानी? मग नाकं चपटी कशी नाहीत?" यावर कायद्यात काही उत्तर नाही.

संध्याकाळी पिंजऱ्यावर कावळा बसला. लाव्हा घाबरला की पळत नाही, बाटलीचं बूच उडावं तसा सरळ वर उडतो. धाड! तीन फूट ही उंची म्हणजे वेग पकडायला पुरेशी आणि डोकं वाचवायला अपुरी. छत एक तर माणसाच्या डोक्यावर हवं, नाहीतर फूटभरच. नराच्या टाळूवरची पिसं गेल्यावर हे ज्ञान मला झालं. (त्याला आधी झालं असावं.) पिंजऱ्याचे पाय कापले. आता तो सहा बाय तीन, उंची एक फूट, थेट खाटेसारखा.

"चिकन जाळी मांजर फाडील," तात्या म्हणाले. "आणि सापाच्या पिल्लाला केवढं भोक लागतं, ठाऊक आहे?"

मग अर्धा इंची वेल्डमेश आली. ही जाळी गुंडाळी सोडली की आपणहून परत गुंडाळते, मध्ये तुम्ही असलात तरी. कापलेल्या प्रत्येक तारेचं टोक शर्टाला ओळख दाखवतं. पहिल्या दिवशी मी यू-खिळे ठोकले चाळीस, त्यातले लाकडात अठ्ठावीस. बाकीचे हिशेबात धरू नयेत, अंगठा अजून निळा आहे.

"मुंगूस खालून उकरील. जाळी हातभर जमिनीत घाल."

वीतभर माती संपली आणि कातळ लागला. दोन दिवस पहार आपटली, ठिणग्या उडाल्या. तिसऱ्या दिवशी तात्या गडग्यावर टेकून बघत राहिले, मग म्हणाले, "पण काय रे, जिथे तुझी पहार चालत नाही, तिथे मुंगूस काय डोंबल उकरणार?"

मी पहार खाली ठेवली. फार हळू ठेवली, त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

शेवटी पंधराव्या दिवशी दाराला कडी लागली. आंघोळ करून, खोकं दोन्ही हातांत धरून मी परसात आलो. पिंजऱ्यात आंबापोळीची चार ताटं, एका सुपात आमसुलं, आणि कोपऱ्यात फणसाचे पापड ओळीने मांडलेले. छतावर दोन कावळे मान वाकडी करून बघत होते. आई काठी न घेता पायरीवर बसून चहा पीत होती.

"छान केलंयस हो," ती म्हणाली. "चोच म्हणून शिरत नाही."

"अगं, पण हे?" मी खोकं जरा वर उचललं. आतून धाड असा आवाज आला.

"राहू देत की पडवीत. पावसाळा लागला की घाल."