तुतारीखातं

मामेबहिणीच्या लग्नात मामीने माझ्यावर एकच काम सोपवलं. हॉलच्या दारात तुतारीवाला उभा असेल, मोठं माणूस आलं की त्याला खूण करायची. "उगाच सगळ्यांना वाजवायला लावू नकोस, दम लागतो रे त्याला." मोठं माणूस ओळखायचं कसं, हे मात्र मामीने सांगितलं नाही.

फेटा, जाकीट, भरघोस मिशा असे एक गृहस्थ आले. मी मान हलवली. तुतारीने हॉल दणाणून सोडला. गृहस्थ जागीच दचकले आणि म्हणाले, "पनीर कुठे उतरवू?"

त्यानंतर मी मान आखडती घेतली, तर नवऱ्याचे मोठे काका मुकाट्याने आत गेले आणि तसेच मुकाट्याने रुसून बसले. रुसणारच. स्वतःची टिमकी ज्याची त्याला वाजवता येते. रणशिंग तर पेपरवाले कुणाच्याही तोंडी देतात, प्रचाराचा नारळ फुटायचा अवकाश. तुतारी मात्र आपल्यासाठी दुसऱ्यानेच फुंकावी लागते. माझ्यासाठी आजवर कुणी फुंकलेली नाही, त्यामुळे काकांचं दुःख मला कळत होतं.

एवढ्यात नवऱ्याची आत्या गाडीतून उतरली. वळून बघतो तर तुतारी खुर्चीवर. २०२४ च्या लोकसभेला एक चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं आणि दुसरं नुसतं ट्रम्पेट. मराठीत त्यालाही तुतारीच म्हटल्यामुळे केवढा घोळ झाला होता. इथे तुतारी होती, वाजवणारा माणूस चहाला गेला होता.

मीच उचलली. बँडवाल्याच्या ट्रम्पेटला निदान तीन पिस्टन असतात, बोटांना काहीतरी उद्योग असतो. हिला ना भोक, ना कळ. ओठ थरथरवायचे, सगळे सूर तिथूनच काढायचे. माझे गुडघे थरथरत होते, ओठ काही केल्या थरथरेनात. गाल फुगवून फुंकलं, तर दुसऱ्या टोकाने नुसता वारा. पुन्हा सगळा जीव एकवटून फुंकलं आणि जो आवाज आला, तो तुतारीतूनच आला हे पटवून द्यायला माझ्याकडे साक्षीदार नव्हता.

आत्या थबकल्या. पर्समधून एक पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"ओवा आहे. कोमट पाण्याबरोबर घ्या."