रियुनियनचा खर्च आणि तिथली सकाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटाच्या सहलीचा जो आराखडा आणि अंदाजपत्रक मी मांडले होते, ते आपण बारकाईने तपासलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: बेट जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर लांब असताना चार ठिकाणी मुक्काम हलवणे हा अपव्यय आहे; दोन युरोंच्या आसपास तिकीट असलेली बस सोडून भाड्याची गाडी घेणे ही चैन आहे; दोन राखीव दिवस कोणत्याही हिशेबात बसत नाहीत; आणि सह्याद्रीत गडावरच्या देवळात पथारी टाकणाऱ्या माणसांना डोंगरात झोपण्यासाठी दरडोई पन्नास युरो मोजायला सांगणे योग्य नाही. यांपैकी बसच्या मुद्द्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. बाकीच्या मुद्द्यांशी सहमत नाही, आणि त्याचे मुख्य कारण तिथले ढग आहेत.

सूर्य वर आला की समुद्रावरची दमट हवा उतारांवरून चढू लागते आणि नऊ-दहाच्या सुमारास डोंगराचा मधला पट्टा बहुतेक दिवशी ढगांत जातो. मायदोच्या कड्यावरून, म्हणजे सुमारे २,२०० मीटर उंचीवरून, माफातचे खोल खोरे सकाळी सात वाजता वाड्या-वस्त्यांसह स्पष्ट दिसते; त्याच कड्यावर अकरा वाजता पोहोचलेल्या माणसाला पुष्कळदा पायाखालची वाटसुद्धा धड दिसत नाही. तेव्हा या बेटावरचा प्रत्येक मोठा खर्च मी एकाच कसोटीवर तपासतो: त्यामुळे आपण उजाडताना उंचावर असणार आहोत का?

मुक्कामांचा प्रश्न या कसोटीवर पाहावा. पश्चिम किनाऱ्यावर एकच खोली घेऊन राहिल्यास बेटावरच्या जागृत ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत, म्हणजे पा द बेलकोंबपर्यंत, जायला सुमारे दोन तास लागतात. सिलाओस या डोंगरातल्या गावाच्या घाटाची तर ओळखच मुळी चारशे वळणांचा रस्ता अशी आहे. नकाशावर किनाऱ्यावरच्या सें-लुई गावापासून पस्तीस-छत्तीस किलोमीटर दिसणारे ते अंतर तासाभरात पार होईल असे कोणीही गृहीत धरू नये. एखाद्या दिवशी पहाटे साडेतीनला उठणे जमते, परंतु सलग तीन दिवस अंधारात घाट चढणाऱ्या चालकाचा थकवा अंदाजपत्रकात लिहिता येत नसला तरी तो खराच असतो. याउलट बूर-म्यूरा या गावी, सुमारे १,६०० मीटर उंचीवर, रात्र काढली तर तोच कडा पाऊण तासावर येतो. शिवाय डोंगरातल्या साध्या खोल्या किनाऱ्यावरच्या पर्यटनगावांपेक्षा सहसा स्वस्त असतात, त्यामुळे मुक्काम हलवल्याने एकूण खर्च वाढतोच असे नाही.

आता बस. किनाऱ्याच्या बाजूने धावणाऱ्या पिवळ्या बस चांगल्या आहेत आणि सें-लुईहून सिलाओसलाही बस जाते. आपल्या सूचनेवर विचार करताना असे दिसले की सिलाओसला बसने जाऊन, सुमारे २,०८० मीटर उंचीची तायबीची खिंड पायी ओलांडून माफातमधल्या मार्ला आणि ला नुव्हेल या वाड्यांत राहायचे असेल, तर त्या दिवसांत गाडी वाहनतळावर उभी ठेवून तिचे भाडे भरण्यात अर्थ नाही. हा बदल आराखड्यात जरूर करावा. ज्वालामुखीसाठी मात्र बस उपयोगाची नाही. ती बूर-म्यूराला सोडते आणि तिथून कडा वीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेव्हा गाडी तीन-चार दिवसच घ्यावी, लहानात लहान घ्यावी, आणि चौघांत भाडे वाटून घ्यावे. दिवसाला चाळीस युरो धरले तरी दरडोई दहाच पडतात. स्वस्त पंप शोधत फिरण्याचे कारण नाही, कारण इंधनाचा दर प्रशासन दरमहा ठरवते आणि तो बेटावर सगळीकडे सारखाच असतो. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे आपल्या सवयीच्या नेमके उलट आहे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढावा आणि अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्डावर पुरेशी मर्यादा मोकळी ठेवावी.

राखीव दिवसांबद्दल मी अधिक आग्रही आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आपण कोणीही विसरलेलो नाही. रियुनियनमध्ये फोक-फोक येथे जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि तो जागतिक विक्रम आहे. विमानभाडे कमी दिसते म्हणून आपण फेब्रुवारीचा विचार करत आहात, पण तो चक्रीवादळांचा ऐन काळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ आणि फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस ‘गरान्स’ या वादळांनी बेटाला तडाखा दिला. लाल इशारा लागू झाला की घराबाहेर पडण्यासच मनाई असते. कोरड्या महिन्यांतही खात्री नसते, कारण उद्रेक सुरू होताच ज्वालामुखीचा आतला भाग बंद केला जातो. मे ते ऑक्टोबर या काळात जावे आणि तरीही दोन दिवस मोकळे ठेवावेत, हे माझे मत कायम आहे. ते दिवस लागलेच नाहीत तर पश्चिमेच्या प्रवाळी खाजणात फारसा खर्च न करता घालवता येतात. मात्र पोहणे तिथेच किंवा जाळी लावलेल्या जागीच. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून इतरत्र मनाई लागू झाली आहे.

त्या पन्नास युरोंऐवजी तंबूत झोपण्याबाबत थोडक्यात लिहितो. पितों दे नेज या ३,०७० मीटरच्या शिखराखालची काव्हर्न द्यूफूर ही मुक्कामाची जागा सुमारे २,४८० मीटरवर आहे आणि जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथे पारा शून्याच्या जवळ जातो. तेवढ्या थंडीचे सामान विमानातून नेणे आणि पाठीवर वाहणे हाही खर्चच आहे. शिवाय पन्नास युरोंत निजण्याच्या जागेसोबत रात्रीचे जेवण आणि न्याहारी येते. माफातमध्ये तर गाडीरस्ताच नाही. जड सामान हेलिकॉप्टरने उतरते. गुलामीतून पळालेल्या माणसांनी आसरा घेतलेल्या त्या खोऱ्यात आजही काही शे लोक राहतात, आणि आपल्यासारख्यांनी तिथल्या घरांत मुक्काम करणे हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. या पैशांत घासाघीस करावी असे मला वाटत नाही.

बचत करायचीच असेल तर जेवणात करावी. दुपारी खोक्यात बांधून मिळणारा भात, डाळी-कडधान्ये आणि रस्सा सहा ते दहा युरोंत पोट भरतो; शाकाहारी असल्यास डोंगरातल्या मुक्कामांना आरक्षणाच्या वेळीच कळवावे. हेलिकॉप्टरची सैर वगळली तर दरडोई शेकड्यांनी युरो वाचतात.

व्हिसाबाबत आपला एक गैरसमज दिसतो. रियुनियन हा फ्रान्सचाच भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, म्हणून शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालेल असे धरू नये. फ्रेंच वाणिज्य दूतावासाकडून नियम आधी समजून घ्यावेत. मॉरिशसमार्गे स्वतंत्र तिकिटे काढणार असाल तर येताना तिथे एक रात्र ठेवावी. भारतीय पर्यटकांना मॉरिशससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि रियुनियन-मॉरिशस उड्डाण पाऊण तासाचेच आहे. मात्र ते रद्द झाले तर मुंबईचे विमान थांबणार नाही.

तारखा ठरवताना प्रथम काव्हर्न द्यूफूरमधली जागा पाहावी, कारण ती फार आधी भरते आणि ऑक्टोबरमध्ये ‘ग्रां रेड’ या डोंगरी धावशर्यतीच्या आठवड्यात तर जवळजवळ मिळतच नाही. ती मिळाल्यावर माफातचे मुक्काम, मग विमानाची तिकिटे, आणि गाडी सर्वांत शेवटी.