बेकार झालात? मग कर भरायला लागा!

अमेरिकेत तुमचा ले-ऑफ झाला असेल, तर आधी एक खुळचट समजूत डोक्यातून काढून टाका. दर आठवड्याला खात्यात पडणारा बेकारी भत्ता ही मदत वगैरे नसते. ते तुमचं उत्पन्न असतं आणि फेडरल (केंद्र) सरकार आयकर लावताना त्याच्याकडे पगाराच्याच नजरेने बघतं.

आधीची पिढी फार लाडावलेली होती. १९७८ पर्यंत या पैशावर फेडरल आयकर नव्हताच. १९७९ पासून बऱ्या मिळकतीच्या लोकांना तो थोडाफार लागू झाला आणि १९८६ च्या कायद्याने पुढच्या वर्षापासून सगळ्यांनाच पूर्ण रकमेवर लावला. बेकारांमध्ये उच्चनीच नको, एवढी समानता तरी आली.

अर्ज भरताना ‘कर कापून घेऊ का?’ असं विचारतात. बाणेदारपणे ‘नाही’ म्हणा. भाडं थकलंय, कोण कापून घेतंय! ‘हो’ म्हटलंत तरी सरसकट १० टक्केच कापतात. बायकोची नोकरी चालू असेल आणि दोघं मिळून आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात बसत असाल, तर उरलेले १२ टक्के एप्रिलमध्ये भरायचे आहेतच. हवं तर दर तिमाहीला आगाऊ कर भरा. हातात पगार नसताना हा छंद मनाला चांगला गुंतवून ठेवतो.

जानेवारी सरता सरता १०९९-जी नावाचा कागद येईल. पहिल्या चौकटीत वर्षभराचा भत्ता, चौथीत कापलेला कर. तुमची चौथी चौकट बाणेदारपणामुळे कोरी असेल. टपालाने आला नाही म्हणून खूश होऊ नका. काही राज्यं तो फक्त वेबसाइटवर ठेवतात आणि आयआरएस या फेडरल कर खात्याकडे त्याची माहिती तुमच्या आधीच पोचलेली असते.

आता खरी मेख. कर घेताना हा भत्ता उत्पन्न असतो, पण कमी मिळकतीच्या कष्टकऱ्यांना मिळणारं ‘अर्न्ड इन्कम क्रेडिट’ (करातली सवलत) मागायला गेलात की तो कमाई नसतो. बरं, एकूण उत्पन्नात मात्र धरला जातो, म्हणजे ते क्रेडिट त्याच्यामुळे घटूही शकतं. आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यात टाकायलाही हा पैसा कमाई म्हणून चालत नाही. नोकरी शोधायला केलेला खर्च? त्याची वजावट २०१८ पासून बंद आहे. आणि वर्ष-दोन वर्षांनी राज्याला साक्षात्कार झाला की तुम्हाला भत्ता चुकून जास्त दिला होता, तर निमूटपणे परत करा. ती रक्कम ३,००० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर तिची वजावट मिळत नाही. जो पैसा तुमच्याकडे राहिलाच नाही, त्याच्यावरचा कर भरल्याचं पुण्य तेवढं पदरात.

एकदा सरकारला पाझर फुटला होता, हे कबूल करायला हवं. मार्च २०२१ मध्ये कायदा आला आणि दीड लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना २०२० च्या भत्त्यातले पहिले १०,२०० डॉलर माफ झाले. शहाण्यासारखं फेब्रुवारीतच रिटर्न भरणारे मग रिफंडची वाट बघत बसले. पुढच्या वर्षापासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेव्हा नोकरी गमवायचीच तर महासाथीचं वर्ष बघून गमवा.

राज्यही नीट निवडा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या भत्त्यावर राज्याचा कर लावत नाहीत. पण राहायला न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि गेलेली नोकरी न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनची असेल, तर भत्ता न्यूयॉर्कचा आणि त्यावर न्यूयॉर्कचा करही आला. लोकल ट्रेनचा पास बंद झाला, तरी हडसन नदीपलीकडचा हिशेब सुरूच.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी मात्र बिनघोर राहावं. मालक तुमच्या नावाने बेकारी विम्याचा कर भरतो, पण नोकरी गेल्यावर तुम्हाला भत्ता सहसा मिळतच नाही. मग त्यावरच्या कराची कटकट कुठली? साठ दिवसांत नवी नोकरी किंवा दुसरा व्हिसा शोधा, नाहीतर बॅगा भरा. आणि निघण्यापूर्वी, जो काही पगार झाला होता त्याचं रिटर्न कधी भरायचं तेवढं सीपीएला (तिथल्या सीएला) विचारून घ्या.