तानपुऱ्याचं भाडं

मिरज ते सांगली वडापला, म्हणजे शेअर जीपला, माणशी वीस रुपये. मी चाळीस दिले. वरचे वीस तानपुऱ्याचे. रक्कम किरकोळ आहे, माझा राग नाही.

मी सांगलीत बी.ए. करते, संगीत घेऊन. डिपार्टमेंटच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, गेली होती, तो मिरजेला दुरुस्तीला होता, सरांनी मला आणायला पिटाळलं, काम झालं, आता तो परत न्यायचा होता. बास.

"ताई, ह्यो डिक्कीत टाका," वडापवाला म्हणाला.

"डिक्कीत मोडेल."

"मग टपावर बांधतो. दोरी हाय."

"टपावर नको."

"मग दोन शिटं." आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. निकाल लागला होता.

मी मधल्या सीटवर खिडकीशी बसले, तानपुरा उभा धरला. तो भोपळ्यावर बसेना, म्हणून अर्धा मांडीवर, अर्धा शेजारी. त्याच्या पलीकडे एक आजी. नऊवारी, मांडीवर पिशवी, पिशवीत मेथी. आजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गवसणीकडे, आणि बोटाच्या पेराने भोपळ्यावर टकटक केली. बाजारात नारळ घेताना करतात तशी. आतून चारही तारा एकदम कुजबुजल्या. आजी दचकल्या नाहीत, उलट खूश झाल्या.

"वाळलाय चांगला," त्या म्हणाल्या. "माझं म्हायेर मंगळवेढ्याकडलं. आमच्याकडनंच येत्यात ह्ये भोपळे मिरजंला. कडू असत्यात. ह्येचं घारगं न्हाई व्हत."

मिरजेचा हाच त्रास आहे. दुसऱ्या गावात तानपुरा नेला तर लोक विचारतात, हे काय? मिरजेत कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाचा कुणी ना कुणी भोपळ्यात असतो. तलवारींना धार लावणारे शिकलगार इथे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी वाद्यांकडे वळले. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढ्या मानाची वस्तू, आणि तिला टपावर बांधायला दोरी.

"बाईचा हाय का बापयाचा?" आजींनी विचारलं.

"काय?"

"तंबोरा. बाईच्या गळ्याचा हाय का बापयाच्या?"

प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. बायकांचा स्वर वरचा, त्यांचा तानपुरा आकाराने लहान. आमच्या तोंडी परीक्षेत याहून सोपं विचारतात. मी सांगितलं, बायकांचा आहे, काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला, लागतो.

झालं. आजी पुढे वाकल्या आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

"काय रं बाळा, बाईचा हाय म्हनं ह्यो."

"मग?"

"मग निम्मं घे की. यष्टीत बाईला निम्मं तिकीट हाय."

"आजी, ती यष्टी हाय, सरकार पैसं भरतंय. माझं कोन भरतंय?"

"आन लहान हाय ह्यो. लहानाचं बी निम्मंच असतंय. निम्म्याचं निम्मं, पाच रुपयं झालं."

मला त्या क्षणी आजींना आमच्या विभागप्रमुख करावंसं वाटलं. पण ड्रायव्हरही मुरलेला. आरशातून बघत म्हणाला, "लहान असला तर मांडीवर घ्या की. मांडीवरच्याला आमी काय घेत न्हाई."

आजींना हे पटलं. त्या माझ्यावर उलटल्या. "घे की गं मांडीवर. पोरीच्या जातीला येवडं न्हाई जमत?" मी तानपुरा सगळा मांडीवर ओढला, तेव्हा त्याची मान मागच्या सीटवरच्या गृहस्थांच्या चष्म्याला लागली. तोवर ते गप्प होते. इनशर्ट, खिशाला पेन.

"मॅडम, हे वागवताय कशाला? मोबाईलवर ॲप येतं तानपुऱ्याचं. फुकट."

इथे मात्र मला खरंच लागलं. कारण हे वाक्य मी बाहेरच्यांकडूनच ऐकते असं नाही. दुरुस्तीचा खर्च मागायला गेलो की आमच्या ऑफिसातही हेच ऐकवतात. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली एक सुताचा दोरा असतो, जीव म्हणतात त्याला. तो केसभर सरकवला की सपाट तार एकदम बोलायला लागते. कारागीर ते कानाने करतो. माझ्यासमोर किती तरी वेळ तो नुसता खर्ज छेडत, दोरा सरकवत, मान हलवत बसला होता. हे ॲपवाल्या गृहस्थांना मी सांगितलं. ते म्हणाले, "ॲपमध्येही सेटिंग आहे."

मग प्रश्नांची फेरी. गाण्यात बी.ए. असतं? मग पेपरात काय लिहिता? आता कसं सांगू, लिहितोच जास्त. रूपक ताल दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, लिहा. पलुसकर आणि भातखंडे यांच्या स्वरलिपींतला, म्हणजे गाणं कागदावर लिहायच्या पद्धतींतला, फरक सांगा. सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, टीप लिहा, त्यात १९१० साली श्रुतींवर पुस्तक लिहिणारे आपले कृ. ब. देवल आलेच पाहिजेत. वर्षभरात मी जेवढं गायले त्याच्या दुप्पट लिहिलंय. गायला वेळ मिळतो तो प्रॅक्टिकलला, तिथे संथ लयीतला बडा ख्याल नीट सुरू होतो न होतो तोच परीक्षक म्हणतात, "हं, आता द्रुत." आणि शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, त्यांचं मानधन कधी येतं हे त्यांनाही माहीत नसतं. विलंबित, म्हणजे अगदी संथ, लय मी त्यावरून शिकले.

स्वरलिपीवाले विष्णु दिगंबर पलुसकर याच मिरजेत गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लाहोरला जाताना त्यांनी तानपुऱ्याचं वेगळं भाडं भरलं का, हे कुठल्याही गाईडमध्ये दिलेलं नाही. मला आता तेवढंच जाणून घ्यायचंय.

"म्हन की मग येक आभंग," आजी म्हणाल्या. ड्रायव्हरने लगेच टेप बंद केला. "म्हना ताई. म्हटलं तर तंबोऱ्याचं दहाच घेतो."

माझा भाऊ डी.फार्म. करतो. त्याला वडापात कुणी गोळी वळून दाखव म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, घसा बसलाय. आजी म्हणाल्या, "मग शिकतीस काय?" ॲपवाले हसले. टेप पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्याने.

सांगलीत उतरताना मी चाळीस रुपये मोजून दिले. आजींनी ड्रायव्हरला "निम्मं तरी घ्यायचं रं" म्हणून पुन्हा झापलं, पण त्यांचा जोर गेला होता. अभंग न म्हणणारीची बाजू कोण किती घेणार!

दुसऱ्या दिवशी प्रवासखर्चाचा अर्ज घेऊन ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, तिकीट जोडा. मी म्हटलं, वडापला तिकीट नसतं. मग म्हणाले, जाताना वीस, येताना चाळीस कसे? मी म्हटलं, येताना दोन सीट लागल्या. त्यांनी चष्मा वर केला. "बरोबर कोण होतं?"

"तानपुरा."

त्यांनी ते शांतपणे रकान्यात लिहून घेतलं. अर्ज अजून त्यांच्या टेबलावरच आहे. काल विचारलं, तर म्हणाले, सहप्रवाशाची सही राहिलीय.