इंग्रजीच्या गळ्यात विभक्ती

शाळेत 'स ला ते, स ला ना ते' घोकताना ज्यांनी इंग्रजांचा हेवा केला, त्यांच्यासाठी हे काम आहे. साहेबाचा हॉर्स कर्ता असो की कर्म, हॉर्सच राहतो. आपल्या घोड्याचा मात्र 'ला' लागायच्या आधीच घोड्या होतो. या अन्यायाची भरपाई करायची तर इंग्रजीचं नवं व्याकरण लिहायला घ्या. इंग्रजी यायलाच हवं असं नाही. आलं तर उगाच हात आखडतो.

एखादा शहाणा म्हणेल, इंग्रजीला विभक्ती होतीच की. होती. हजार वर्षांपूर्वी दगड म्हणजे 'स्तान', दगडाचा 'स्तानेस', दगडांना 'स्तानुम'. पुढे बोलण्यात प्रत्यय झिजले. त्यात १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन राज्य करायला आले आणि दरबारात इंग्रजीलाच कोणी विचारेना, तिथे तिच्या प्रत्ययांना कोण विचारतो? षष्ठीचा तेवढा एक 'स' वाचला, तोही डोक्यावर स्वल्पविराम टांगून.

तुम्ही आठही विभक्त्या घ्या. कमी घेतल्या तर जर्मन बरोबरी सांगतील, त्यांच्याकडे चार आहेत. फिनिश भाषेत पंधरा आहेत, तिकडे बोलू नका.

आता उच्चार. प्रत्यय लिहिला तसा वाचला, तर त्याला इंग्रजी कोण म्हणेल? 'नाइफ' बघा. पुढे 'के' उभा, मागे 'ई' बसलेला, दोघंही तोंड उघडत नाहीत. तुमचा प्रत्ययही असाच मुका हवा. चतुर्थीला 'ई' लावा, पण म्हणू नका. त्याच्या आधीच्या 'एफ'चा तेवढा 'व्ह' करा, म्हणजे सामान्यरूपाचीही सोय झाली. 'लाइफ'चं असं रूप करा, आधी 'ऑन' जोडा, तो घासून 'अ' उरू द्या. झालं 'अलाइव्ह'! (हे इंग्रजांनी कधीच करून ठेवलंय, त्या शब्दात चतुर्थी अजून धुगधुगतेय. प्रस्तावनेत श्रेय मात्र स्वतःच घ्या.)

राहिली राजमान्यता. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरा म्हणून सरकारी छापखान्याला हुकूम दिला. काँग्रेसने तो हाणून पाडला. बिचारे भाषा सोपी करायला निघाले होते! तुम्ही ती अवघड करताय. शिकवण्या निघतील, गाइडं निघतील, पालक पहाटेपासून रांगा लावतील. आणि तोंडी परीक्षेत सगळेच पास, कारण प्रत्यय उच्चारायचाच नाहीये.