'जनरल' म्हणजे कच्चा नव्हे

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे. जनरल सर्जन हा कशाचाच तज्ज्ञ नसतो, गळू फोडणे आणि जखम शिवणे एवढेच त्याचे काम, दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्याला येत नाही, त्याच्याकडे गेलात तर तो कापणारच; तेव्हा ऑपरेशन कोणतेही असो, ते तालुक्याच्या गावी न करता शहरातल्या सुपरस्पेशालिस्टकडेच करावे, असा त्याचा आशय आहे. जनरल सर्जन म्हणून माझी सारी प्रॅक्टिस तालुक्याच्या गावी झाली असल्यामुळे माझे उत्तर नि:पक्ष मानू नये. मुद्दे मात्र तपासून पाहावेत.

पहिला घोटाळा 'जनरल' या शब्दाने केला आहे. रेल्वेचा जनरल डबा आणि कोपऱ्यावरचे जनरल स्टोअर्स यांच्या सवयीने आपण या शब्दाचा अर्थ 'साधे' असा लावतो. प्रत्यक्षात एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष आणि त्यानंतर प्रवेशपरीक्षा देऊन मिळवलेली एमएसची तीन वर्षे एवढ्या शिक्षणानंतर माणूस जनरल सर्जन होतो, आणि हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, थायरॉइड, स्तनातील गाठ, मूळव्याध, भगंदर, आतड्याचा अडथळा, फुटलेला अल्सर, मधुमेहाने सडलेला पाय हे सारे त्याच्या अभ्यासक्रमात असते. संदेशात ज्यांचा गौरव केला आहे त्या गॅस्ट्रोसर्जन, युरोसर्जन किंवा प्लास्टिक सर्जन मंडळींपैकी बहुतेकांनी एमसीएच या सुपरस्पेशालिटीच्या पदवीला जाण्यापूर्वी हेच एमएस केलेले असते.

दुर्बिणीबद्दलचा दावा तर इतिहासाच्या थेट विरुद्ध आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत १९८५ मध्ये एरिक म्यूहे यांनी केली. ते जनरल सर्जन होते, आणि त्यांच्याच व्यवसायबंधूंनी तेव्हा त्यांची वाखाणणी करण्याऐवजी त्यांना धारेवर धरले. भारतात ही शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी प्रथम केली. तेही जनरल सर्जनच होते, आणि पोटात दुर्बीण घालून निदान करण्याचे काम ते १९७२ पासून करत होते. आजच्या जनरल सर्जरीच्या प्रशिक्षणात दुर्बिणीची शस्त्रक्रिया नित्याची आहे. जुन्या पिढीतल्या काहींनी ती आत्मसात केली नाही हे खरे, पण त्यासाठी सर्जनला सरळ विचारावे. त्यात संकोच कसला? जाता जाता आणखी एक गैरसमज दूर करतो. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मधेच पोट उघडून पूर्ण करावी लागली, की नातेवाइकांना ते अपयश वाटते. सूज इतकी असते की पित्ताशयाची नळी कोणती आणि यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका कोणती हे पडद्यावर ओळखू येत नाही, अशा वेळी अंदाजाने कात्री चालवण्यापेक्षा पोट उघडणारा सर्जनच शहाणा. मुख्य नलिका चुकून कापली गेली, तर रुग्णाचे भोग वर्षानुवर्षे संपत नाहीत.

संदेशातली एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. स्वादुपिंड, अन्ननलिका किंवा यकृताचा भाग काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया, जिथे त्या वारंवार होतात अशाच केंद्रात करून घ्याव्यात, कारण तिथे मृत्यूचे प्रमाण कमी असते. पण याच तर्काने साधा हर्निया सुपरस्पेशालिस्टकडे न्यायचे कारण उरत नाही. आठवड्याला चार हर्निया करणारा हात बहुधा जनरल सर्जनचाच असतो.

'तो कापणारच' हे वाक्य सर्वांत जिव्हारी लागणारे आहे, म्हणून त्याचे उत्तर उदाहरणांनी देतो. सोनोग्राफीत योगायोगाने दिसलेले आणि काहीही त्रास न देणारे पित्ताशयातले खडे बहुतेक वेळा तसेच राहू द्यावेत, हे जनरल सर्जनला शिकवलेले असते. स्वादुपिंडाला अचानक सूज आलेल्या बहुसंख्य रुग्णांवर सुरी न लावता सलाइन आणि देखरेख यांवर उपचार होतात. अपघातात प्लीहा (पोटात डाव्या बाजूला असणारा, रक्त गाळणारा अवयव) फाटली तर ती एकेकाळी सर्रास काढून टाकत. आता रक्तदाब स्थिर असेल तर रुग्णाला निगराणीत ठेवून वाट पाहतात. अनावश्यक शस्त्रक्रिया करणारे महाभाग आमच्यात नाहीत असे मी म्हणणार नाही, पण ते पदवी पाहून ओळखता येत नाहीत, आणि सुपरस्पेशालिटीची पाटी त्यावर उतारा नाही.

राहिला तालुक्याचा प्रश्न. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा या गावी डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी निर्जंतुक करून हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या कमकुवत भिंतीला आधार देण्यासाठी वापरली; बाजारातल्या महागड्या जाळीच्या तुलनेत तिची किंमत नगण्य होती, आणि पुढे हा उपाय परदेशांतल्या गरीब भागांतही पोचला. हे काम शहरातल्या बड्या संस्थेत सुरू झालेले नाही. शिवाय काही आजार प्रवासाला सवड देत नाहीत. वृषणाला पीळ पडलेला मुलगा साधारण सहा तासांच्या आत टेबलावर यावा लागतो. अडकलेल्या हर्नियातले आतडेही काही तासांत काळे पडू लागते. अशा मुलाचे वडील रात्री दोन वाजता हा संदेश वाचून मुंबईची गाडी ठरवत बसले, तर गाडी पोचेपर्यंत शहरातल्या सर्जनलाही ते वृषण काढून टाकण्यावाचून बहुधा गत्यंतर उरणार नाही.