बिल्ट-इन फ्रीज की प्लायची पेटी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. जर्मनीतल्या स्टुटगार्टहून वेळ काढून इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की साध्या घरात फ्रीज सुटाच ठेवावा, कपाटात कोंडू नये. त्यावर ताईंचे तीन आक्षेप आहेत. त्यांच्याकडे कपाटात बसवलेला फ्रीज सात वर्षं विनातक्रार चालतोय. मी स्वतः न वापरलेल्या वस्तूबद्दल लोकांना घाबरवते आहे. आणि लहान स्वयंपाकघरात पुढे आलेल्या फ्रीजवर रोज आपटणाऱ्या बाईचा मी विचारच केलेला नाही.

शेवटचा आक्षेप आधी घेते, कारण तो मला पूर्ण मान्य आहे. आपला ओटा साधारण २४ इंच खोल असतो. सुटा डबल डोअर फ्रीज, त्याच्या मागची मोकळी जागा आणि पुढचं हँडल धरलं तर तो ओट्याच्या कडेपासून पाच-सहा इंच सहज पुढे येतो. ओट्यासमोर जेमतेम तीन फूट जागा असेल तर तेवढ्याने एकीने पोळ्या लाटायच्या आणि दुसरीने मागून जायचं हे अशक्य होतं. मी लेख लिहिताना वीज आणि दुरुस्ती एवढंच डोक्यात ठेवलं होतं. वावरायच्या जागेचा हिशेब राहून गेला.

आता घाबरवण्याबद्दल. इथे माझ्या हातून मोठी गल्लत झाली. दोन वेगळ्या गोष्टींना मी 'बिल्ट-इन' हे एकच नाव दिलं. तुमच्याकडे आहे तो कपाटात बसवण्यासाठीच बनवलेला फ्रीज. आपल्याकडे पुष्कळ घरांत बिल्ट-इन म्हणून जे होतं, तो असतो साधा सुटा फ्रीज, आणि त्याच्याभोवती सुताराने ठोकलेली प्लायची पेटी. माझा सगळा राग त्या पेटीवर होता, आणि त्याला कारण आहे.

नाशिकला माझ्या नणंदेने स्वयंपाकघर नवीन करून घेतलं. इंटिरियरवाल्याने तिचा चांगला चालणारा फ्रीज घेतला, दोन्ही बाजूंना ७१० ग्रेडचं, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय उभं केलं, वर लॉफ्ट आणला आणि पाठ भिंतीला टेकवली. दोन्ही बाजूंना बोटभरसुद्धा फट नाही. दिवाळीत सगळे बघून कौतुक करून गेले. एप्रिलमध्ये मी राहायला गेले तेव्हा सकाळी विरजलेलं दही संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्येच आंबट झालेलं. कंप्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. फ्रीज आणि प्लायच्या मधे बोटं घातली तर नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखं ऊन लागलं. खालच्या बाजूला आतला सनमायका सुटून त्याची कड वर आली होती.

मेकॅनिक आला. दोघांनी मिळून फ्रीज ओढून काढला, त्यात पेटीची एक कड सोलवटली ती सोलवटलीच. त्याने गॅस तपासला, तो व्यवस्थित होता. मग म्हणाला, "ताई, आजची रात्र याला हॉलमध्ये राहू द्या." एक्स्टेंशन बोर्डावर लावून ठेवला. सकाळी बर्फाचे ट्रे खडखडीत गोठलेले होते. यंत्रात काही बिघडलंच नव्हतं, त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. नंतर पेटी रुंद करण्यासाठी शेजारची ट्रॉली कापून लहान करावी लागली.

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. आपल्याकडच्या बऱ्याच फ्रीजमध्ये ही उष्णता सोडणारी नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणून त्या बाजू हाताला गरम लागतात. त्या बाजूंना प्लाय चिकटवलं की तीच उष्णता तिथेच साचते आणि कंप्रेसर तिच्याशी झगडत राहतो. तुमच्या फ्रीजची वाट वेगळी आहे. खाली पायपट्टीतल्या जाळीतून गार हवा आत येते, पाठीमागच्या पोकळीतून तापून वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून बाहेर पडते. त्यासाठी कंपन्या साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २० लांब आणि १० रुंद एवढी तरी वाट मोकळी ठेवायला सांगतात. ती ठेवलेली आहे, म्हणून तुमची सात वर्षं सुखात गेली.

मग इथेही तसाच घ्यावा का? घ्यायला हरकत नाही, पण तुमच्याकडचा अनुभव जसाच्या तसा इकडे लागू पडत नाही. जर्मनीत भाडेकरूला घर पुष्कळदा रिकाम्या स्वयंपाकघरासह मिळतं आणि लोक कपाटांसकट आपलं किचन सोबत नेतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिथे फ्रीजच्या खणांची मापं ठरलेली आहेत: उंची ८८, १२२ किंवा १७८ सेंटिमीटर, रुंदी ५६. जुना बिघडला की त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा आणून बसवता येतो. आपल्याकडे सुतार समोर असलेल्या मॉडेलचं माप घेऊन खण करतो. दहा-बारा वर्षांनी ते मॉडेल निघत नसलं की फ्रीजबरोबर कपाटही मोडावं लागतं.

दुसरी गोष्ट हवामानाची. फ्रीजच्या आतल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एसटी (ST) म्हणजे भोवतालच्या ३८ अंशांपर्यंत, टी (T) म्हणजे ४३ अंशांपर्यंत. युरोपातून येणाऱ्या काही मॉडेलांवर एसएन-एसटी (SN-ST) असतं, म्हणजे वरची मर्यादा ३८ अंशच. स्टुटगार्टला ते भरपूर झालं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा जातो आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो, तिथे टी नसलेला फ्रीज कपाटात बसवणं मला धोक्याचं वाटतं.

किमतीचं तर सगळ्यांना दिसतंच. १७८ च्या खणात बसणारा फ्रीज साधारण अडीचशे लिटरचा, आणि किंमत लाखाच्या घरात. तेवढ्याच लिटरचा सुटा तीस हजारांच्या आसपास मिळतो. चार माणसांच्या घरात दुधाचं पातेलं, इडलीच्या पिठाचा डबा आणि आठवड्याची भाजी एकदम ठेवायची असते, तिथे आतली रुंदी कमी पडल्याचं रोज जाणवतं.

तरीही ज्यांना सलग, नेटकं स्वयंपाकघर हवं आहे त्यांनी ते जरूर करावं. ती हौस मला अजिबात वावगी वाटत नाही, दिवसातले सहा-सहा तास जिथे जातात ती जागा देखणी असावीच. खरा बिल्ट-इन घेणार असाल तर फ्रीज आधी निवडा, त्याचं बसवण्याचं पत्रक सुताराच्या हातात द्या आणि जाळ्यांची जागा कापून झाल्याशिवाय त्याला पुढचं काम करू देऊ नका. फ्रीजचा प्लग शेजारच्या कपाटात घ्या, पाठीमागे नको, नाहीतर नुसता स्विच बंद करायलाही सगळं खोलावं लागतं. सुटाच ठेवणार असाल तर तो ओट्याच्या शेवटी घ्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडा, माथा उघडा ठेवा. बिजागरीच्या बाजूला भिंत असेल तर आणखी जागा लागते. दार नव्वद अंशांच्या पुढे उघडलं नाही तर काही फ्रीजमध्ये भाजीचा ट्रे बाहेरच येत नाही. हे दुकानात दार पूर्ण उघडून, ट्रे ओढून बघा.

मूळ लेखाचं शीर्षक मी आज बदललं आहे, आणि 'बिल्ट-इन' लिहिलं होतं तिथे 'पेटीत कोंडलेला सुटा फ्रीज' असं केलं आहे. ओट्यापुढच्या जागेबद्दल एक परिच्छेदही घातला. एक विनंती आहे. तुमच्या फ्रीजखालची जाळी आणि कपाटाच्या माथ्यावरची फट, दोन्हींचे फोटो पाठवाल का? सुताराला दाखवायला मला इथे तसं चांगलं चित्र सापडलेलं नाही.